विश्लेषण : कोकणातल्या जुन्या बाजारपेठा नदीकाठीच का वसल्या आणि आता त्या का बुडतात?

चिपळूण, महाड, राजापूर... पावसाळ्यात या शहरांची नावे बातमीत आली की बहुतेकदा बातमी पुराची असते. ‘नदीकाठी कशाला बांधले?’ असा प्रश्न मुंबईतून सहज विचारला जातो. उत्तर मात्र तीन-चारशे वर्षे मागे जाते. या पेठा ज्या कारणाने त्या जागी वसल्या, जवळजवळ त्याच कारणाने त्या बुडतात.

घाटकोपर : २२ जुलै २०२१ची सकाळ. असल्फा, भटवाडी, पंतनगर इथल्या अनेक कोकणी घरांत त्या दिवशी एकच उद्योग सुरू होता. चिपळूणला फोन लावायचा, ‘संपर्क होऊ शकत नाही’ ऐकायचे आणि पुन्हा लावायचा. रात्रीत वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली होती. वीज गेली होती, मोबाइलचे मनोरे बंद पडत होते. ज्यांचे दुकान, घर किंवा म्हातारे आईवडील तिकडे होते, त्यांच्या हातात टीव्हीवरची पुराची दृश्ये पाहण्यापलीकडे काही नव्हते.

त्यानंतर गाळ निघाला, समित्या झाल्या, पूररेषा आखल्या गेल्या आणि त्यांना विरोधही झाला. तरी पाऊस लागला की चिपळूणचा दुकानदार अजूनही भरतीची वेळ बघतो. असे का होते आणि त्यावर खरेच उपाय आहे का, हे समजून घेऊ.

तेव्हा नेमके काय झाले होते?

२१ आणि २२ जुलै २०२१ला सह्याद्रीच्या माथ्यावर आणि पायथ्याशी अतिवृष्टी झाली. वाशिष्ठी आणि शहराच्या मधून वाहणारी शिवनदी या दोन्ही नद्या पात्राबाहेर आल्या. सखल भागात पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. मुंबई-गोवा महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा काही भाग वाहून गेला. एसटी आगार पाण्याखाली गेले. तिथल्या आगार व्यवस्थापकांनी सुमारे ९ लाख रुपयांची रोकड सोबत घेऊन बसच्या टपावर कित्येक तास काढले, ही बातमी अनेकांना आठवत असेल.

एका कोविड रुग्णालयात पाणी शिरले आणि तिथले रुग्ण दगावले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला, म्हणजे चिपळूणकरांच्या ‘लोटिस्मा’लाही फटका बसला. २६ जुलै २००५च्या पुरातही या वाचनालयाने बरीच पुस्तके गमावली होती. सोळा वर्षांत दुसऱ्यांदा तीच वेळ आली.

त्याच दिवशी महाडमध्ये सावित्री नदी शहरात शिरली आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. म्हणजे हे संकट एकट्या चिपळूणचे नव्हते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या नदीकाठच्या पेठा एकाच वेळी पाण्यात होत्या.

बाजारपेठ नदीकाठीच का वसली?

नकाशा उघडून एक गोष्ट पाहा. कोकणातल्या जुन्या मोठ्या पेठांपैकी बऱ्याचशा थेट समुद्रकिनाऱ्यावर नाहीत. त्या वीस-पंचवीस किंवा चाळीस किलोमीटर आत आहेत आणि प्रत्येकीच्या मागे एक घाट आहे.

• कल्याण : उल्हास नदीची खाडी, मागे नाणेघाट आणि बोरघाट.

• महाड : सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी, मागे वरंधा घाट.

• चिपळूण : वाशिष्ठी नदी आणि दाभोळची खाडी, मागे कुंभार्ली घाट.

• राजापूर : अर्जुना नदी आणि जैतापूरची खाडी, मागे अणस्कुरा घाट.

हा योगायोग नाही. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्यापूर्वी जड माल वाहून नेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पाणी. समुद्रातून आलेले मचवे, पडाव आणि गलबते भरतीच्या पाण्यावर खाडीतून आत यायची. भरतीचे पाणी जिथवर पोहोचते तिथवर होडी जाते. त्याच्या पुढे नदी उथळ आणि खडकाळ होते. मग माल उतरवायचा आणि बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवायचा. देशावरून बैलांचे तांडे धान्य, गूळ, कापूस घेऊन उतरायचे आणि मीठ, मासळी, नारळ, कापड, धातूचे सामान घेऊन वर जायचे.

होडी थांबते आणि बैल निघतो, ती जागा म्हणजे बाजार. तिथे धक्का लागतो, वखारी लागतात, जकात नाका येतो, सराफ येतो, धर्मशाळा येते. आजच्या भाषेत सांगायचे तर या पेठा म्हणजे त्या काळची घाटकोपर स्थानके. लोकल आणि मेट्रो जिथे भेटतात तिथे जशी गर्दी आणि दुकाने वाढतात, तसेच तिथे जलमार्ग आणि घाटमार्ग भेटत होते.

चिपळूणचे बंदर म्हणजे शहरालगतचे गोवळकोट. खाडीच्या मुखाशी दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळची ख्याती अरबस्तानापर्यंत होती. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासाला दाभोळहूनच निघाला. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. समुद्रावरचे बंदर जळू शकत होते, लुटले जाऊ शकत होते. चाळीसेक किलोमीटर आत असलेली पेठ त्या मानाने सुरक्षित होती. आत वसण्याचे हेही एक कारण म्हणता येईल.

राजापूरच्या इंग्रज वखारीतून काय कळते?

या जागांचे महत्त्व परक्यांनाही बरोबर कळले होते. ईस्ट इंडिया कंपनीने १६४९च्या सुमारास राजापूरला वखार काढली. मिरी, कापड आणि घाटावरून उतरणारा माल त्यांना तिथे मिळत होता.

पुढची गोष्ट शाळेत ऐकलेली असते, पण तिचा बाजारपेठेशी असलेला संबंध सहसा सांगितला जात नाही. १६६०मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. राजापूरचे इंग्रज तोफगोळे घेऊन घाट चढून गेले आणि त्यांनी वेढ्यात आदिलशाहीच्या बाजूने मारा केला. किनाऱ्यावरचा दारूगोळा पन्हाळ्यापर्यंत पोहोचला तो याच व्यापारी वाटेच्या जोरावर. शिवाजी महाराजांनी १६६१मध्ये राजापूरवर चाल केली, वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह वखारीतल्या इंग्रजांना कैद केले. रेव्हिंग्टन आजारपणामुळे आधी सुटला, बाकीच्यांची सुटका १६६३मध्ये झाली. नुकसानभरपाईचा वाद पुढे अनेक वर्षे चालला. १६७४मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या बोलण्यांतही राजापूरच्या भरपाईचा मुद्दा होता.

एका पेठेच्या भरपाईसाठी कंपनी तेरा वर्षे पाठपुरावा करते, यावरून त्या जागेची किंमत समजते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरने राजापूरची नोंद कोकणातले जुन्या वळणाचे आणि चांगले टिकलेले शहर अशी केली. अरब गलबते अजून थेट येतात, पण मोठी जहाजे जुन्या दगडी धक्क्यापासून काही मैल अलीकडेच थांबतात, असेही त्यात म्हटले आहे.

म्हणजे गाळाचा प्रश्न आजचा नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीही खाडी भरत चालली होती.

बंदर संपले, मग पेठ का राहिली?

कारण रस्ता राहिला. मुंबई-गोवा महामार्ग महाड, चिपळूण, राजापूर याच शहरांना जोडत गेला. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. खाडीतल्या लाँच आणि पडाव मागे पडले. पण तालुक्याचा बाजार, कोर्ट, बँका, दवाखाने आणि शाळा आधीच तिथे होत्या. आजूबाजूच्या शंभर वाड्यांतला माणूस बियाण्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळ्यासाठी तिथेच येत होता.

फरक एवढाच पडला की शहराचे तोंड फिरले. पूर्वी पेठ नदीकडे बघून जगत होती. नदीत पाणी किती, गाळ किती हा रोजच्या धंद्याचा प्रश्न होता. आता माल ट्रकने येतो. नदी मागच्या दाराला गेली. तिथे भराव पडला, भिंती आल्या, सांडपाणी सुटले. नदीची गरज संपली, तशी तिच्याकडे बघायची सवयही गेली.

पाणी इतक्या झपाट्याने का चढते?

तीन गोष्टी एकत्र येतात.

१) उतार. सह्याद्रीचा माथा आणि चिपळूण यांत फार अंतर नाही. पाऊस मात्र प्रचंड. या पट्ट्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साधा हिशेब करू. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० कोटी लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचा एक, असे दहा हजार टँकर. नदीचे पाणलोट क्षेत्र अशा शेकडो चौरस किलोमीटरचे असते. गोदावरी किंवा कृष्णेत पाणी चढायला दिवस लागतो, इथे काही तास पुरतात.

२) भरती. हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की मुंबईतले नाले समुद्रात रिकामे होत नाहीत. चिपळूणलाही तेच घडते. भरती जिथवर पोहोचते तिथवर होडी येत होती, म्हणून पेठ तिथे वसली. त्यामुळे डोंगरातले पाणी आणि समुद्राचे पाणी समोरासमोर येतात तेही पेठेच्या आसपासच. वरून लोंढा येतो, खालून भरती अडवते, मध्ये शहर असते. २०२१मध्ये २४ जुलैला गुरुपौर्णिमा होती. पूर आला तो तिच्या दोन दिवस आधी, म्हणजे उधाणाच्या भरतीच्या दिवसांत.

३) गाळ. डोंगरउतारावरची झाडे तुटली, रस्त्यांसाठी डोंगर कापले गेले की माती नदीत येते. उतार संपतो आणि भरतीमुळे प्रवाह मंदावतो तिथे ती बसते. वाशिष्ठीच्या पात्रात अशी गाळाची बेटेच तयार झाली होती, त्यांवर झाडे वाढली होती.

गाळाचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. समजा, पात्र रुंद आहे आणि पाण्याची खोली चार मीटर आहे. तळाशी एक मीटर गाळ बसला. पात्राचा पाव भाग गेला. मग नदीची वहनक्षमताही पावपटच घटली का? नाही. खोली कमी झाली की पाण्याचा वेगही कमी होतो. उतार आणि तळ तेवढाच धरला, तर नदीतून जाणारे पाणी जवळपास ३८ टक्क्यांनी घटते. उरलेले पाणी जागा शोधते आणि सर्वांत जवळची सखल जागा म्हणजे बाजारपेठ.

कोयनेच्या पाण्याचा संबंध काय?

चिपळूणचे प्रकरण महाड-राजापूरपेक्षा एका बाबतीत वेगळे आहे. वाशिष्ठीत तिचे स्वतःचे पाणी आहेच, शिवाय कृष्णा खोऱ्यातलेही येते.

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. कोयना नदी मुळात पूर्वेला कृष्णेला मिळते. वीजनिर्मितीसाठी तिचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीच्या बाजूला सोडले जाते. तिथून ते कोळकेवाडी धरणात येते, अलोऱ्याला त्यावर पुन्हा वीज तयार होते आणि शेवटी ते वाशिष्ठीत जाते. या पाण्याला ‘अवजल’ म्हणतात. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असे पश्चिमेकडे वळवायची परवानगी आहे.

हे किती? मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची एकूण क्षमता १४.४७ लाख दशलक्ष लिटर. साडेसदुसष्ट टीएमसी म्हणजे सुमारे १९ लाख दशलक्ष लिटर. मुंबईचे सगळे तलाव काठोकाठ भरले तरी अवजलाएवढे पाणी होत नाही.

याचा फायदाही आहे. कोकणातल्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात आटतात, वाशिष्ठी वाहती राहते. वर्षभर थोडे थोडे येणारे अवजल आणि एका रात्रीतला पूर या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवायला हवे. चिपळूणकरांचा मुद्दा वेळेचा आहे. अतिवृष्टी आणि उधाणाची भरती एकत्र असतील त्या तासांत वीजनिर्मितीचे पाणी थांबवता येते का, कोळकेवाडीत पावसाळ्यापूर्वी जागा रिकामी ठेवता येते का, आणि पाणी सोडण्याआधी शहराला पुरेसा इशारा मिळतो का? २०२१च्या पुरात कोळकेवाडीतल्या विसर्गाचा वाटा किती, यावरून बराच वाद झाला. पण वाद आकड्यांचा असला तरी मागणी साधी आहे. पाऊस, भरती आणि विसर्ग यांचे वेळापत्रक एकाच कागदावर आणि आधी मिळावे.

गाळ काढला, आता पूर येणार नाही?

पुरानंतर चिपळूणमध्ये गाळ काढण्यासाठी नागरिकांनी साखळी उपोषण केले. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीत पोकलेन उतरले. शासनाबरोबर नाम फाउंडेशननेही काम केले. महाडला सावित्रीतही गाळ काढण्यात आला. तिथे दासगावजवळचा रेल्वेचा भराव पाणी अडवतो, तिथली मोरी रुंद करा, अशी जुनी मागणी आहे.

याचा उपयोग नक्की होतो. मध्यम पुरात पाणी पात्रात राहते किंवा लवकर ओसरते. पण दोन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा समुद्राची. खाडीचा तळ कितीही खोल केला तरी भरतीची पातळी खाली जात नाही. भरतीच्या टप्प्यात खोदलेला खड्डा आधी समुद्राच्या पाण्यानेच भरतो. म्हणून अतिवृष्टी आणि उधाण एकत्र आले तर गाळ काढलेली नदीही बाहेर येऊ शकते.

दुसरी मर्यादा डोंगराची. वरून माती येणे थांबले नाही तर काढलेली जागा काही पावसाळ्यांत पुन्हा भरते. शिवाय काढलेला गाळ काठावरच रचला तर पहिल्या जोराच्या पावसात तो परत नदीत जातो. गाळ काढणे हे दाढी करण्यासारखे आहे. एकदा करून भागत नाही.

इंग्लंडमधल्या नदीकाठच्या पेठांनी काय केले?

राजापूरला वखार काढणाऱ्यांच्या देशातही हाच प्रश्न आहे. तिथली जुनी बाजाराची गावेही नदीकाठीच आहेत आणि तीही बुडतात. दोन उदाहरणे आपल्या कामाची आहेत.

ब्यूडली हे सेव्हर्न नदीवरचे जुने पेठेचे गाव. होड्यांच्या व्यापारावर ते श्रीमंत झाले. १७७२मध्ये जवळच्या स्टोरपोर्टला कालवा येऊन मिळाला आणि व्यापार तिकडे सरकला. दाभोळ-गोवळकोटचे झाले तसेच. गाव उरले, नदीही उरली आणि पूरही. २०००च्या मोठ्या पुरानंतर तिथे नदीकाठच्या रस्त्यावर उभे करता-काढता येणारे लोखंडी-अॅल्युमिनियमचे अडथळे बसवण्याची व्यवस्था झाली. पूर येणार असे कळले की खांब उभे करायचे, फळ्या सरकवायच्या. पूर ओसरला की काढून ठेवायचे. नदी आणि गाव यांच्यात कायमची भिंत नको, म्हणून ही युक्ती.

मात्र समोरच्या काठाला अशी पक्की सोय नव्हती. फेब्रुवारी २०२०मध्ये पाणी तिकडच्या घरांत शिरले. एका काठाला भिंत बांधली की दुसऱ्या काठाचे काय, हा प्रश्न चिपळूणलाही आहे. आणखी एक फरक आहे. सेव्हर्नचे पाणी वेल्सच्या डोंगरांतून ब्यूडलीपर्यंत यायला बराच वेळ घेते, फळ्या लावायला सवड मिळते. वाशिष्ठी तेवढी सवड देत नाही.

दुसरे गाव पिकरिंग, यॉर्कशरमधले. १९९९, २०००, २००२ आणि २००७ असे ते वारंवार बुडाले. गावात मोठी भिंत बांधणे फार खर्चिक होते. म्हणून त्यांनी गाव सोडून वरच्या डोंगराकडे लक्ष दिले. ओढ्यांमध्ये ओंडक्यांचे दीडशेहून अधिक झिरपते बांध घातले, झाडे लावली आणि गावाच्या वर एक लाख वीस हजार घनमीटर पाणी तात्पुरते थोपवणारा बांध घातला. पाणी अडवून ठेवायचे नाही, फक्त त्याचा वेग कमी करायचा. डिसेंबर २०१५च्या अतिवृष्टीत याचा फायदा झाल्याचे दिसले.

पिकरिंगचा ओढा लहान आणि पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी. ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे. पुराचे काम बाजारपेठेत सुरू होत नाही, ते घाटाखालच्या वाड्यांत, वऱ्यांत आणि पऱ्ह्यांत सुरू होते.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

जलसंपदा विभाग नदीकाठच्या शहरांसाठी पूररेषा आखतो. सर्वसाधारणपणे निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची पातळी. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नदीकडचा भाग निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेच्या मधला भाग नियंत्रित क्षेत्र. तिथे अटींवर बांधकाम होते.

इथे सर्वांत मोठा गैरसमज होतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आता आला, म्हणजे पुढची ९९ वर्षे निवांत, असा नाही. याचा अर्थ दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता एक टक्का. ३० वर्षांचे गृहकर्ज घेतले तर कर्ज फिटेपर्यंत लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. निळ्या रेषेच्या पुराची तीच शक्यता ७१ टक्के. पाऊस अधिक तीव्र होत असेल तर हे आकडे वाढतील, कमी होणार नाहीत.

चिपळूणमध्ये पूररेषेला विरोध झाला तो उगाच नाही. शहराचा मोठा भाग रेषेच्या आत आला. जुन्या इमारतीची दुरुस्ती, पुनर्विकास, कर्ज, जागेची किंमत सगळेच अडकते. ज्याचे आयुष्य त्या दुकानात गेले त्याला नकाशावरची रेषा अन्यायाची वाटते. पण रेषा पुसल्याने पाणी थांबत नाही, हेही तेवढेच खरे आहे.

मग शहरच हलवायचे का?

ते सोपे नाही आणि बहुधा गरजेचेही नाही. पेठ म्हणजे नुसत्या इमारती नसतात. ओळखीवर मिळणारी उधारी, शेजारची गिरणी, समोरचा डॉक्टर आणि कोपऱ्यावरची एसटी हे सगळे मिळून पेठ होते. ती उचलून माळरानावर ठेवली तर दुकाने जातील, बाजार जाईलच असे नाही.

हलवता येण्यासारखे मात्र बरेच आहे. पेठेतली जुनी घरे खाली दुकान, वर घर अशी असत. पाणी चढले की माणसे आणि मौल्यवान माल वर. आपण नव्या इमारतींत उलटे केले. विजेचे मीटर, जनरेटर, पाण्याचे पंप, दवाखान्यांची यंत्रे, बँकांच्या तिजोऱ्या आणि गोदामे सगळे तळाला. २०२१मध्ये बहुतेक नुकसान याच पातळीवर झाले. पूर येणारच असे धरून तळमजला रिकामा किंवा धुऊन काढता येईल असा ठेवणे, रुग्णालये आणि वीज उपकेंद्रे उंचावर नेणे, आणि माल वर चढवायला निदान सहा तास मिळतील असा इशारा देणे, या तीन गोष्टी झाल्या तरी पूर येईल, पण पेठ उद्ध्वस्त होणार नाही.

गावी घर किंवा दुकान घेताना काय पाहावे?

घाटकोपर, विक्रोळी, भांडुपमधली अनेक कोकणी कुटुंबे निवृत्तीनंतर गावाजवळच्या शहरात फ्लॅट घेतात. चाळीच्या पुनर्विकासातून आलेले पैसे असोत की प्रॉव्हिडंट फंड, आयुष्याची पुंजी त्यात जाते. सही करण्यापूर्वी एवढे जरूर तपासा.

• जागा निळ्या रेषेच्या आत आहे, मधल्या पट्ट्यात आहे की लाल रेषेबाहेर, हे नगर परिषदेच्या नकाशावर पाहा. बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

• २००५ आणि २०२१मध्ये त्या जागी पाणी कुठवर आले होते? शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा. भिंतीवरची खूण तो बोटाने दाखवेल.

• मीटर, पंप, लिफ्टची यंत्रणा आणि जनरेटर कोणत्या पातळीवर आहेत?

• पाण्याने रस्ता बंद झाला तर दवाखान्यात जायची दुसरी, उंचावरची वाट आहे का?

• घराच्या किंवा दुकानाच्या विम्यात पुराचे संरक्षण आहे का आणि त्यात तळमजल्यावरचा माल धरला आहे का? पॉलिसी वाचा.

• पावसाळ्यात तीन आकडे एकत्र बघायची सवय ठेवा : घाटमाथ्यावरचा पाऊस, भरतीची वेळ आणि धरणातला विसर्ग. तिन्ही एकाच रात्री वाढत असतील तर गाडी, कागदपत्रे आणि घरातली वयस्कर माणसे संध्याकाळीच वर हलवा.

जुन्या काळी गोवळकोटच्या तांडेलाला भरतीचे वेळापत्रक तोंडपाठ असे, कारण त्याची होडी त्यावर चालायची. होड्या गेल्या, भरती राहिली. चिपळूणच्या बाजारात दुकान किंवा घर असलेल्यांना ते वेळापत्रक पुन्हा पाठ करावे लागणार आहे.